चांदीपुरा विषाणू : वर्गीकरण, रचना आणि प्रतिकृतिनिर्मिती यांचा ऐतिहासिक अभ्यास (१९६५ ते २०२४)

सारांश

विषाणूंचे वर्गीकरण आपल्या महाविद्यालयांत बहुधा एका तयार तक्त्याच्या रूपाने शिकविले जाते. तो तक्ता कोणत्या प्रश्नांतून आणि कोणत्या साधनांच्या आधारे घडत गेला, याची चर्चा मात्र क्वचितच होते. प्रस्तुत शोधनिबंधात नागपूर परिसरातील चांदीपुरा येथील रुग्णांच्या रक्तातून १९६५ मध्ये प्रथम वेगळ्या काढलेल्या विषाणूच्या आधारे हा प्रवास मांडला आहे. हा विषाणू प्रथम कीटकवाहित म्हणून, नंतर आकारावरून व रचनेवरून, पुढे प्रतिकृती तयार करण्याच्या पद्धतीवरून आणि अखेरीस जनुकसंचावरून ओळखला गेला. या प्रत्येक टप्प्याने काही नवे सांगितले व काही झाकूनही ठेवले. वर्गीकरण ही केवळ नावांची यादी नसून ती विज्ञानाची व सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची स्मृती आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : विषाणू, वर्गीकरण, चांदीपुरा, ऱ्हॅब्डोव्हिरिडी, ऋण आरएनए, मेंदूज्वर, विज्ञानाचा इतिहास.

प्रस्तावना

प्राणी व वनस्पती यांच्या वर्गीकरणाला डोळ्यांना दिसणाऱ्या अवयवांचा आधार होता. पान, फूल, दात, पाठीचा कणा यांवरून जातींची मांडणी करता येत असे. विषाणूंच्या बाबतीत असा कोणताच आधार नव्हता. जो पदार्थ दिसत नाही, पोषकद्रव्यावर वाढत नाही आणि यजमान पेशीबाहेर स्वतःची प्रत काढू शकत नाही, त्याला ओळखावे कसे आणि त्याचे नाते जोडावे कोणाशी, हा प्रश्न विषाणुशास्त्रापुढे पहिल्या दिवसापासून होता. या प्रश्नाला वेगवेगळ्या काळात दिलेली उत्तरे म्हणजेच विषाणूंच्या वर्गीकरणाचा इतिहास होय.

हा इतिहास युरोप व अमेरिकेतील प्रयोगशाळांपुरता मर्यादित आहे, असा समज अभ्यासक्रमांमुळे दृढ झाला आहे. वस्तुतः त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण महाराष्ट्रात घडले आहे. चांदीपुरा विषाणूचा शोध विदर्भातील रुग्णांत लागला, त्याचा अभ्यास पुण्यात झाला आणि आज त्याचे स्थाननाम आंतरराष्ट्रीय नामावलीत आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१. विषाणूंच्या वर्गीकरणाचे निकष काळानुसार कसे बदलले, हे स्पष्ट करणे.
२. चांदीपुरा विषाणूची रचना व प्रतिकृतिनिर्मिती यांचा या निकषांशी असलेला संबंध तपासणे.
३. २००३ च्या उद्रेकाच्या संदर्भात वर्गीकरणाचे व्यावहारिक मूल्य व मर्यादा मांडणे.

यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रसिद्ध वैज्ञानिक साहित्यातील नोंदींचा आधार घेतला आहे.

१. पार्श्वभूमी : अदृश्याची ओळख

१८९२ मध्ये रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ दिमित्री इव्हानोव्हस्की यांनी दाखवून दिले की, तंबाखूच्या पानांवरील मोझेक रोगाचा संसर्ग जीवाणू अडविणाऱ्या गाळणीतूनही पार जातो. १८९८ मध्ये हॉलंडमधील मार्टिनस बायरिंक यांनी हा जीवाणू नसून वेगळ्याच प्रकारचा संसर्गकारक असल्याचे मांडले. या टप्प्यावर विषाणूची व्याख्या पूर्णतः नकारात्मक होती. जो गाळणीत अडकत नाही, सूक्ष्मदर्शीत दिसत नाही आणि निर्जीव माध्यमात वाढत नाही, तो विषाणू. साहजिकच त्याचे नाव त्याने घडविलेल्या रोगावरून पडत असे.

१९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखू मोझेक विषाणू स्फटिकरूपात मिळविला. पुढील दोन वर्षांत बॉडेन व पिरी यांनी त्यात प्रथिनाबरोबर आरएनए असल्याचे सिद्ध केले. १९३९ मध्ये जर्मनीत याच विषाणूची पहिली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी छायाचित्रे घेण्यात आली. विषाणू म्हणजे केंद्रकाम्ल व त्याभोवतीचे प्रथिनांचे कवच, ही आजची मूलभूत कल्पना या काळात आकारास आली. तथापि वर्गीकरण मात्र बराच काळ रोगलक्षणांवरच रेंगाळत राहिले. १९४८ मध्ये होम्स यांनी मांडलेली पद्धत याचेच उदाहरण होय. एकच विषाणू दोन भिन्न रोग घडवू शकतो आणि दोन पूर्णतः भिन्न विषाणूंची लक्षणे सारखी असू शकतात, ही या पद्धतीची मूळ अडचण होती.

२. चांदीपुरा, १९६५ : वाहकावरून ओळख

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने १९५२ मध्ये पुणे येथे विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७८ मध्ये या केंद्राचे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था असे नामकरण करण्यात आले. कीटकांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा शोध हे केंद्राचे आरंभीचे मुख्य कार्य होते. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली व आसपासच्या गावांत ताप पसरला, तेव्हा पीतज्वराची शंका घेण्यात आली होती. केंद्राच्या तपासणीतून तो गोचिडींमार्फत पसरणारा वेगळाच विषाणू असल्याचे निष्पन्न झाले. वर्गीकरणातील चूक किती दूरगामी ठरू शकते, हे यावरून ध्यानात येते. पीतज्वर मानला असता सारे लक्ष डासांवर गेले असते, वास्तविक शत्रू गोचीड होती.

त्या काळात कीटकवाहित विषाणूंची विभागणी रक्तरसाच्या परीक्षेवरून केली जाई. एका विषाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये दुसऱ्या विषाणूला कितपत ओळखतात, यावरून त्यांची जवळीक ठरे. १९५४ मध्ये कॅसल्स व ब्राऊन यांनी या पद्धतीने ‘अ’ व ‘ब’ असे दोन प्रमुख गट मांडले. चिकुनगुन्या ‘अ’ गटात, तर डेंग्यू ‘ब’ गटात मोडत असे.

१९६५ मध्ये नागपूर परिसरात चिकुनगुन्या व डेंग्यू यांची तापाची साथ पसरली होती. म्हणजे ‘अ’ व ‘ब’ हे दोन्ही गट एकाच वेळी तेथे उपस्थित होते. या साथीत चांदीपुरा येथील तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तातून जो विषाणू मिळाला, तो मात्र या दोहोंपैकी कोणताच नव्हता. भट व रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये भारतातील एक नवा कीटकवाहित विषाणू म्हणून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि स्थळावरून त्याला चांदीपुरा हे नाव दिले. त्याच्या मूळ वाणाला आय-६५३५१४ हा क्रमांक असून पुढील सर्व तुलनांसाठी तोच आधारभूत ठरला. पुढे महाराष्ट्रातील वाळूमाशीतही (सँडफ्लाय) हा विषाणू आढळल्याचे १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. आफ्रिकेत नायजेरियातील साळिंदरसदृश जाहक या प्राण्यातही तो मिळाला.

‘कीटकवाहित’ हे विशेषण उपयुक्त असले, तरी ते विषाणूच्या स्वरूपाविषयी काहीच सांगत नाही. तो कोणाच्या पाठीवरून आला एवढेच ते सांगते. डास, गोचीड व वाळूमाशी यांनी वाहून नेलेले विषाणू परस्परांचे नातलग असतीलच असे नाही. त्यामुळे नात्याचा निर्णय रचनेवर सोपवावा लागला.

३. रचना : आकारावरून कुलाकडे

१९५९ मध्ये ब्रेनर व हॉर्न यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीसाठी ऋण रंजनाची सुलभ पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धतीत विषाणूभोवतीची पार्श्वभूमी जड धातूच्या क्षाराने गडद होते आणि विषाणू उजळ दिसतो. त्यामुळे अल्पावधीत अनेक विषाणूंची रचना स्पष्ट झाली. १९६२ मध्ये ल्वॉफ, हॉर्न व तूर्निये यांनी रोगलक्षणे बाजूला ठेवून वर्गीकरणाचे चार निकष सुचविले : केंद्रकाम्लाचा प्रकार, कवचाची सममिती, बाह्य आवरणाचे अस्तित्व आणि कवचाची मोजमापे. १९६६ मध्ये मॉस्को येथील आंतरराष्ट्रीय सूक्ष्मजीवशास्त्र परिषदेत विषाणूंच्या नामकरणासाठी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. चांदीपुरा विषाणूचे पहिले वर्णन त्यापुढील वर्षीचे आहे. जुन्या व नव्या पद्धतींच्या सांध्यावर हा विषाणू उभा आहे, असे म्हणता येईल.

या चार निकषांवर चांदीपुरा विषाणू पुढीलप्रमाणे दिसतो. त्याचे केंद्रकाम्ल एकपदरी आरएनए असून त्याची लांबी सुमारे ११ हजार न्यूक्लिओटाइड आहे. या आरएनएभोवती प्रथिनांची मळसूत्री सममिती असते. बाहेर यजमान पेशीच्या पटलापासून मिळविलेले मेदयुक्त आवरण असते व त्यावर काट्यांसारखी प्रथिने असतात. एक टोक गोल व दुसरे सपाट अशी त्याची बंदुकीच्या गोळीसारखी आकृती असते. त्याची लांबी सुमारे १५० ते १६५ नॅनोमीटर व रुंदी ५० ते ६० नॅनोमीटर भरते.

हा आकार ओळखीचा होता. गुरे व घोडे यांच्या तोंडात फोड आणणारा व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणू आणि अलर्क अर्थात रेबीजचा विषाणू हे दोघेही याच घडणीचे आहेत. सत्तरच्या दशकात या सर्वांचे ऱ्हॅब्डोव्हिरिडी हे कुल मान्य झाले. ग्रीक भाषेतील दंडवाचक शब्दावरून हे नाव आले आहे. डेंग्यूच्या साथीत सापडलेला विषाणू डेंग्यूचा नव्हे, तर कुत्र्याच्या चाव्याने होणाऱ्या रोगाच्या विषाणूचा नातलग ठरला. रोगलक्षणांवरून वा वाहकावरून हे नाते कधीही कळले नसते.

विषाणूच्या या रचनेत पाच प्रथिने असतात. ‘एन’ प्रथिन आरएनएला घट्ट वेढून ठेवते. ‘एल’ हे प्रत काढणारे मोठे विकर असून ‘पी’ त्याचा साहाय्यक आहे. ‘एम’ प्रथिन आतील गाभा व बाहेरील आवरण यांना जोडते. ‘जी’ हे आवरणावरील शर्करायुक्त प्रथिन पेशीला चिकटण्याचे काम करते. प्रतिद्रव्ये मुख्यतः याच ‘जी’ प्रथिनाला ओळखतात, म्हणून रक्तरसाच्या जुन्या परीक्षांचा रचनात्मक अर्थही येथे उलगडतो.

४. प्रतिकृतिनिर्मिती : प्रत काढण्याच्या रीतीवरून वर्ग

आकाराने कुल सांगितले, परंतु एक कोडे शिल्लक होते. १९५६ मध्ये गिएरर व श्राम यांनी तंबाखू मोझेक विषाणूचा कवचरहित आरएनएदेखील संसर्ग घडवू शकतो, हे दाखविले होते. व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूचा शुद्ध आरएनए मात्र पेशीत सोडला तरी संसर्ग होत नव्हता. दोहोंचे केंद्रकाम्ल आरएनएच असताना हा फरक का पडावा?

१९७० मध्ये बाल्टिमोर, हुआंग व स्टॅम्फर यांनी याचे उत्तर दिले. या विषाणूचा आरएनए ऋण प्रकारचा आहे. पेशीतील प्रथिने घडविणारी यंत्रणा तो थेट वाचू शकत नाही. आधी त्याची पूरक, म्हणजे धन प्रकारची प्रत निघावी लागते आणि आरएनएवरून आरएनए तयार करणारे असे विकर पेशीजवळ उपलब्ध नसते. म्हणून विषाणू ते विकर स्वतःच्या कणात बरोबर घेऊन येतो. कवच व विकर काढून टाकलेला आरएनए निष्प्रभ ठरतो, तो यामुळेच.

याच वर्षी बाल्टिमोर व टेमिन यांनी स्वतंत्रपणे काही अर्बुदकारक विषाणूंमध्ये आरएनएवरून डीएनए तयार करणारे विकर शोधले व त्या कार्यासाठी १९७५ चे नोबेल पारितोषिक त्यांना डल्बेको यांच्यासह विभागून मिळाले. १९७१ मध्ये बाल्टिमोर यांनी विषाणूंचे सहा वर्ग मांडले. संदेशवाहक आरएनएपर्यंत विषाणू कोणत्या मार्गाने पोहोचतो, हा त्यांचा एकच निकष होता. पुढे या मांडणीत सातव्या वर्गाची भर पडली. ऋण एकपदरी आरएनए असलेले विषाणू पाचव्या वर्गात येतात. चांदीपुरा विषाणूच्या निकटच्या नातलगाने या सुप्रसिद्ध वर्गीकरणाची वाट उघडली, ही बाब आपल्या वर्गांत आवर्जून सांगण्यासारखी आहे.

चांदीपुरा विषाणूची प्रतिकृतिनिर्मिती याच नमुन्यानुसार होते. ‘जी’ प्रथिनाच्या साहाय्याने विषाणू पेशीला चिकटतो व पेशीपटलाच्या कोशिकेतून आत ओढला जातो. कोशिकेतील आम्लता वाढताच त्याचे आवरण कोशिकेच्या पटलाशी एकरूप होते आणि प्रथिनवेष्टित आरएनए पेशीद्रवात मुक्त होतो. त्यानंतर बरोबर आणलेले विकर एका टोकाकडून कामास प्रारंभ करते व एन, पी, एम, जी, एल या क्रमाने पाच संदेश तयार करते. प्रत्येक सांध्यावर काही विकरे गळून पडतात. त्यामुळे पहिल्या ‘एन’ प्रथिनाचे संदेश सर्वाधिक, तर शेवटच्या ‘एल’चे सर्वांत कमी तयार होतात. वेष्टनाचे प्रथिन विपुल लागते व विकर थोडे पुरते, ही गरज जनुकांच्या केवळ क्रमाने भागते. ‘एन’चा पुरेसा साठा झाला की तुटक संदेशांऐवजी सलग धन प्रत निघू लागते व तिच्यावरून नवे ऋण आरएनए तयार होतात. अखेरीस ‘एम’ प्रथिन नव्या गाभ्याला आवळून पेशीपटलाकडे नेते व नवा कण मुकुलनाने बाहेर पडतो. हे सर्व कार्य पेशीद्रवातच पार पडते. त्यासाठी विषाणूला पेशीच्या केंद्रकात शिरावे लागत नाही.

५. २००३ : स्मृतीची परीक्षा

शोधानंतर सुमारे चार दशके चांदीपुरा विषाणूकडे विशेष लक्ष गेले नाही. मध्य प्रदेशातील १९८० च्या मेंदूविकाराच्या उद्रेकात एका रुग्णाच्या रक्तातून तो मिळाल्याची नोंद १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु सौम्य तापाचा विषाणू हीच त्याची ओळख रूढ राहिली.

जून ते सप्टेंबर २००३ या काळात आंध्र प्रदेशात बालकांमध्ये तीव्र मेंदूज्वराचा उद्रेक झाला. अभ्यासलेल्या ३२९ बालकांपैकी १८३ दगावली. ही बालके नऊ महिने ते चौदा वर्षे या वयोगटातील होती. ताप, उलट्या, झटके व बेशुद्धी या क्रमाने अनेकांचा आजार अवघ्या एक-दोन दिवसांत मृत्यूपर्यंत पोहोचला. जपानी मेंदूज्वरासह परिचित विषाणूंच्या चाचण्यांतून कारण हाती लागेना. अखेर पुण्याच्या संस्थेने सहा रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणू वेगळा केला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी, पूरक-स्थिरीकरण व उदासीनीकरण या परीक्षांतून तो चांदीपुरा विषाणू असल्याचे निश्चित केले. नऊ रुग्णांच्या नमुन्यांत त्याचा आरएनएही आढळला. या विषाणूचा क्रम १९६५ च्या मूळ वाणाशी सुमारे ९७ टक्के जुळणारा होता.

येथे वर्गीकरणाच्या इतिहासातील सर्व टप्पे एका प्रयोगशाळेत एकत्र आलेले दिसतात. सूक्ष्मदर्शीतील आकाराने कुल दाखविले, रक्तरसाच्या परीक्षांनी नेमका विषाणू ओळखला आणि आरएनएच्या क्रमाने जुन्या वाणाशी असलेले नाते मोजून दिले. नव्या पद्धतीने जुनी रद्द केली नाही. १९६५ चा वाण जपून ठेवला नसता आणि १९६७ मध्ये त्याचे काटेकोर वर्णन झाले नसते, तर २००३ मध्ये तुलना करण्यासाठी हाती काहीच उरले नसते.

तथापि याची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. ‘सौम्य ताप’ या नोंदीमुळे या विषाणूचा विचार आधी कोणी केला नाही. म्हणजे ज्या सूचीने ओळख पटविली, तिनेच काही काळ दिशाभूलही केली. शिवाय विषाणू सापडला म्हणजे रोगाचे स्वरूप निर्विवाद ठरते असे नाही. हा आजार मेंदूज्वर नसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरील आघात असावा, असे मत काही बालरोगतज्ज्ञांनी त्या वेळी मांडले होते. २०२४ च्या उद्रेकानेही हाच धडा दिला. जूनच्या आरंभापासून १५ ऑगस्टपर्यंत भारतात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण व ८२ मृत्यू नोंदले गेले आणि त्यांतील बहुसंख्य रुग्ण गुजरातमधील होते. परंतु यांपैकी केवळ ६४ रुग्णांत चांदीपुरा विषाणूची पुष्टी झाली. लक्षणसमूह आणि विषाणू या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे विषाणुशास्त्राने शतकापूर्वी शिकलेले सत्य आजही प्रत्येक साथीत नव्याने तपासावे लागते.

६. नावाचा प्रश्न

जनुकसंचांच्या तुलनेमुळे अलीकडे विषाणूंची वंशावळ अधिक वरच्या पातळीपर्यंत नेणे शक्य झाले आहे. अखंड एकपदरी ऋण आरएनए असलेल्या कुलांसाठी १९९१ मध्ये मोनोनेगाव्हायरेलीस हा गण स्थापन झाला. आता त्याच्याही वर संघ, सृष्टी व क्षेत्र या श्रेणी आहेत. २०२१ मध्ये जातींसाठी द्विपद नामपद्धती बंधनकारक करण्याचा निर्णय झाला व त्यानुसार चांदीपुरा विषाणूच्या जातीचे नाव व्हेसिक्युलोव्हायरस चांदीपुरा असे झाले.

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या मानवी रोगांना स्थळांची नावे देऊ नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. स्थाननामामुळे तेथील लोकांवर अकारण ठपका येतो, ही त्यामागील भूमिका योग्यच आहे. चांदीपुरा येथे हा विषाणू जन्मला नाही, तो तेथे प्रथम ओळखला गेला. नाव वाचताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१. विषाणूंच्या वर्गीकरणाचे निकष रोगलक्षणे, वाहक, रक्तरस, रचना, प्रतिकृतीची रीत आणि जनुकसंच अशा क्रमाने विस्तारत गेले. हे निकष परस्परांना पूरक ठरले आहेत.

२. चांदीपुरा विषाणूच्या बाबतीत रचना व प्रतिकृतिनिर्मिती यांनी असे नाते उघड केले, जे रोग वा वाहक यांवरून कधीच दिसले नसते.

३. २००३ मधील ओळख ही १९६५ च्या परिश्रमांची फलश्रुती होती. वाणसंग्रह, नोंदी व वर्णनात्मक संशोधन यांचे तात्काळ फळ दिसत नाही, म्हणून त्यांना गौण मानणे घातक आहे.

४. वर्गीकरणातील नोंद अंतिम सत्य नव्हे. ‘सौम्य’ असा शेरा असलेला विषाणूही प्राणघातक ठरू शकतो.

आजमितीस या विषाणूवर मान्यताप्राप्त लस वा विशिष्ट औषध उपलब्ध नाही. वेळीच निदान, लक्षणांनुसार उपचार व वाळूमाशीचे नियंत्रण एवढेच उपाय हाती आहेत आणि त्याची झळ मुख्यतः बालकांना सोसावी लागते. म्हणूनच वर्गीकरणाचा तक्ता शिकविताना त्यातील प्रत्येक ओळीमागील शोधप्रक्रियाही विद्यार्थ्यांपुढे यावी. सूक्ष्मजीवशास्त्र व इतिहास या दोन विभागांनी मिळून असे पाठ तयार केल्यास महाविद्यालयीन अध्यापनाला त्याचा निश्चित लाभ होईल.